कुचाच्या वाटेवरचा परवाना

सरकारी कागदाला वाङ्मयाच्या दरबारात मान नसतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. त्यांपैकी पुष्कळांचा दिवस टिपणे, परवाने, याद्या आणि दाखले यांच्या संगतीतच जातो. आणि संध्याकाळी कचेरीतून परतताना आपण आज काही चिरस्थायी लिहिले, असा भ्रम त्यांच्यापैकी कोणास होत असेल असे आम्हांस वाटत नाही. कागद रुमालात बांधला जातो, रुमाल फडताळात जातो, आणि पुढे वाळवी काय ती त्याची वाचक उरते. तथापि इतिहासाचा न्याय मोठा विलक्षण असतो. एका लुप्त झालेल्या भाषेचा ठावठिकाणा आणि काळ ज्या लेखांमुळे निश्चित झाला ते लेख म्हणजे राजप्रशस्ती नव्हती, की धर्मग्रंथही नव्हते. एका नाक्यावरील अधिकाऱ्यांनी लाकडी पाट्यांवर लिहिलेले ते वाटसरूंचे परवाने होते. आज ज्या भाषांविषयी आम्ही लिहू इच्छितो त्या तोखारी भाषांची ही कथा म्हणूनच आमच्या वाचकांस काहीशी जवळची वाटेल.

प्रथम भूगोल. हिमालय आणि काराकोरम ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे आजच्या चीनच्या सिंक्यांग प्रांतात तारीम नदीचे विस्तीर्ण खोरे लागते. त्याच्या मध्यभागी तक्लामकान हे वाळवंट पसरलेले आहे. उत्तरेस तिएनशान पर्वत, दक्षिणेस कुन्‌लुन पर्वत, आणि पर्वतांवरील बर्फ वितळून येणारे पाणी जेथे वाळूत जिरण्यापूर्वी अडविता येते तेथे वसलेली गावे, असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. चीन आणि पश्चिम जग यांच्यातील व्यापाराचे तांडे या गावांच्या आधारानेच वाळवंटाला वळसा घालीत. दक्षिणेच्या वाटेवर खोतान होते. उत्तरेच्या वाटेवर कुचा, काराशहर आणि तुर्फान ही स्थाने होती. काराशहरचे प्राचीन नाव अग्नि. संस्कृत लेखांत त्यास अग्निदेश म्हटले आहे. या उत्तरेच्या वाटेवर इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात ज्या दोन भगिनीभाषा बोलल्या व लिहिल्या जात, त्यांना आज विद्वान तोखारी ‘अ’ आणि तोखारी ‘ब’ असे म्हणतात. पहिली अग्नि व तुर्फान या भागांतील. दुसरी मुख्यतः कुचाची.

या भाषांचा शोध लागला तो एका खुनाच्या तपासातून, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इ. स. १८८८ मध्ये डॅलग्लीश नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा काराकोरम घाटाजवळ खून झाला. खुनी माणसाच्या मागावर निघालेला हॅमिल्टन बॉवर हा हिंदुस्थानी फौजेतील लेफ्टनंट १८९० मध्ये कुचा येथे पोहोचला, आणि तेथे त्याने भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जुनी पोथी विकत घेतली. ती कलकत्त्यास आली. रुडॉल्फ हर्न्ले या पंडिताने ती वाचली, तेव्हा ती संस्कृत असून तिचा मोठा भाग वैद्यकाचा असल्याचे निष्पन्न झाले. हिंदुस्थानच्या दमट हवेत इतकी जुनी पोथी टिकणे दुर्मिळ. वाळवंटाच्या कोरड्या वाळूने ती सांभाळली होती. ही वार्ता पसरताच युरोपातील राष्ट्रांमध्ये या वाळूविषयी चढाओढ सुरू झाली.

त्याच सुमारास आणखी काही पाने उजेडात आली. त्यांची लिपी आपल्या ब्राह्मीचीच एक शाखा होती, म्हणून अक्षरे लागत. परंतु भाषा लागत नसे. १८९२ मध्ये ओल्डेनबुर्ग यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे असे एक पान प्रसिद्ध केले. १८९३ मध्ये हर्न्ले यांनी प्रसिद्ध केलेल्या पोथ्यांतही ही अज्ञात भाषा होती. पुढे ग्र्युनवेडेल आणि ल कोक यांच्या जर्मन मोहिमा, पेलियो यांची फ्रेंच मोहीम, ऑरेल स्टाइन यांचे प्रवास आणि जपानमधील ओतानी यांनी पाठविलेली मंडळी यांच्या हाती पानांचे गठ्ठेच्या गठ्ठे लागले. बहुतेक पाने फाटकी, जळकी किंवा कडा झडलेली होती. अखेरीस १९०८ मध्ये एमिल झीग आणि विल्हेल्म झीगलिंग या दोन जर्मन पंडितांनी सिद्ध केले, की ही भाषा संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच कुलातील, म्हणजे इंडो-युरोपीय आहे. आणि ती एक नसून दोन आहेत.

हे सिद्ध कसे झाले याची कल्पना काही शब्दांवरून येईल. कुचाच्या भाषेत पित्याला ‘पाचेर’, मातेला ‘माचेर’, भावाला ‘प्रोचेर’ आणि मुलीला ‘त्काचेर’ म्हणत. मुलीसाठी असलेला संस्कृत ‘दुहितृ’ शब्द आठवला, की या शेवटच्या शब्दाचेही नाते ध्यानात येते. आठाला ‘ओक्त’, घोड्याला ‘यक्वे’, नावाला ‘ञेम’, मधाला ‘मित’. ग, द, ब आणि घ, ध, भ हे वर्ण या भाषांतून नाहीसे होऊन त्यांचे जवळजवळ सर्वत्र क, त, प झाले होते. म्हणूनच ‘भ्राता’ मधील ‘भ’ तेथे ‘प’ होऊन बसला आणि ‘मधु’ चा ‘ध’ ‘त’ झाला. हा ‘मित’ शब्द तर चिनी भाषेनेही उचलला, आणि मधाला चिनी लोक आज जे ‘मि’ म्हणतात ते त्याचेच रूप असल्याचे बहुतेक भाषापंडित मानतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यातून माल जातो तसे शब्दही जातात, ते असे.

परंतु पंडितांना खरा धक्का दिला तो ‘शंभर’ या अर्थाच्या शब्दाने. मूळ कुलभाषेतील या शब्दाच्या आरंभी ‘क’ सारखा ध्वनी होता. पश्चिमेकडील लॅटिन, ग्रीक इत्यादी भाषांत तो ‘क’ च राहिला; पूर्वेकडील संस्कृत व इराणी भाषांत त्याचा ‘श’ किंवा ‘स’ झाला. आपल्या दोनशे-तीनशेमधील ‘शे’ हा त्या संस्कृत ‘शत’ चाच अवशेष होय. यावरून या कुलाची पूर्व आणि पश्चिम अशी सरळ वाटणी केली जात असे. आणि आता सर्वांच्या पूर्वेस, चीनच्या दारात, जी भाषा सापडली तिच्यात शंभराला म्हणत ‘कन्ते’! पुढे १९१५ मध्ये ह्रोझ्नी यांनी हित्ती भाषेचे गूढ उकलले, तेव्हा ती वाटणी अधिकच लंगडी ठरली. आज बहुसंख्य पंडितांचे मत असे आहे, की मूळ कुलापासून हित्ती व तिच्या भगिनी प्रथम विभक्त झाल्या, आणि त्यानंतर तोखारी. म्हणजे ही शाखा घरातून फार लवकर बाहेर पडली आणि फार दूर गेली.

व्याकरणात मात्र मराठी वाचकास ओळखीची एक गोष्ट या भाषांत भेटते. आपण ‘घोडा’ या शब्दाचे प्रथम ‘घोड्या’ असे सामान्यरूप करतो आणि मग त्याला ला, ने, त हे प्रत्यय जोडतो. तोखारी भाषांतही जुन्या विभक्ती बव्हंशी झिजून गेल्यावर हीच युक्ती योजिली गेली: प्रथम शब्दाचे एक विशिष्ट रूप, आणि मग त्यापुढे स्थल, दिशा, साहचर्य इत्यादी दाखविणारे प्रत्यय. इतकेच नव्हे, तर अनेक नामे एकत्र आली असता प्रत्यय केवळ शेवटच्याला लावून काम भागविण्याची मोकळीकही तेथे होती, जशी ‘राजा, प्रधान आणि सेनापतीने’ म्हणताना आपण घेतो. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नसताना दोन दूरच्या भाषा एकाच वाटेने जातात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता नावाचा घोटाळा. ‘तोखारी’ हे नाव या लोकांनी स्वतःला दिलेले नव्हे. मैत्रेय बुद्धाविषयीचा एक ग्रंथ प्राचीन तुर्की भाषेत सापडला. त्याच्या समाप्तिलेखात म्हटले होते, की आर्यचंद्राने तो भारतीय भाषेतून ‘तोख्री’ भाषेत आणला व प्रज्ञारक्षिताने तोख्रीतून तुर्कीत आणला. या उल्लेखावरून एफ. डब्ल्यू. के. म्युलर यांनी १९०७ मध्ये अज्ञात भाषेला ‘तोखारी’ ठरविले. ग्रीक लेखकांचे तोखारोय आणि आपल्या महाभारत-पुराणांतील तुषार किंवा तुखार हे लोक प्रसिद्धच आहेत. त्यांच्या देशीचे घोडे इतके नामांकित, की जुन्या हिंदी काव्यात ‘तुखार’ आणि गुजरातीत ‘तोखार’ हा घोड्याचाच पर्याय होऊन बसला. पण हे तुखार राहत ते वंक्षू नदीच्या काठी, बाल्हीक देशात. आणि त्या देशातील कुषाण राजांनी ग्रीक लिपीत लिहविलेली भाषा इराणी शाखेची होती, हे सुर्ख कोतल व रबातक येथील शिलालेखांवरून स्पष्ट झाले आहे. तेव्हा कुचाच्या लोकांस तोखारी म्हणणे बहुधा चूकच होय. परंतु एकदा दप्तरी चढलेले नाव बदलणे किती कठीण, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे.

आणि येथेच ते परवाने उपयोगी पडले. पेलियो यांना १९०७ मध्ये कुचाजवळील डोंगरातील एका जुन्या चौकीच्या अवशेषांत शंभराहून अधिक लाकडी पाट्या सापडल्या. सिल्व्हाँ लेव्ही यांनी त्या वाचून १९१३ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या पाट्यांवर काय होते? तांड्याच्या प्रमुखाचे नाव. त्याच्याबरोबरची माणसे किती, गाढवे किती, घोडे किती, बैल किती. यांना जाऊ द्यावे, याहून अधिकांस जाऊ देऊ नये, असा आदेश. आणि राजाच्या कारकिर्दीचे वर्ष, महिना व दिवस. राजाचे नाव होते स्वर्णते. लेव्ही यांनी दाखविले, की चिनी बखरींत सातव्या शतकाच्या पूर्वार्धातील कुचाचा जो राजा येतो तोच हा, म्हणजे सुवर्णदेव. एका फटक्यात भाषेचे घरही मिळाले आणि काळही मिळाला. ‘ब’ भाषा ही कुचाची दैनंदिन, राजकारभाराची, जिवंत भाषा होती. ग्रंथ कोठेही नेला जातो. नाक्यावरचा परवाना नाक्यावरच लिहिला जातो. म्हणूनच त्याची साक्ष निर्णायक ठरली.

हा समाज होता तरी कसा? चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग इ. स. ६३० मध्ये अग्नि आणि कुचा येथून भारताकडे गेला. त्याने लिहून ठेविले आहे, की कुचात शंभराहून अधिक विहार व पाच हजारांवर भिक्षू होते, ते सर्वास्तिवादी पंथाचे होते, आणि तेथील लिपी थोड्या फेरफाराने भारतातूनच घेतलेली होती. नगराच्या पश्चिम दरवाजाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे नव्वद फूट उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या होत्या. तेथील मोक्षगुप्त नामक आचार्याने वीस वर्षांहून अधिक काळ भारतात अध्ययन केलेले होते. वाद्यवादनात, विशेषतः तंतुवाद्ये व बासरी यांत, कुचाचे लोक इतर देशांहून सरस असल्याचेही तो नमूद करतो. या कीर्तीस पुरावा आहे: ५६८ मध्ये एका तुर्क राजकन्येबरोबर चीनच्या दरबारी गेलेल्या सुजीव नावाच्या कुचाच्या वादकाने तेथे सात स्वरांची पद्धती सांगितली, आणि चिनी बखरीने टिपलेल्या तिच्यातील नावांत पंडितांनी आपले षड्ज आणि पंचम ओळखले आहेत.

कुचाचा सर्वांत थोर पुत्र म्हणजे कुमारजीव. पिता कुमारायण भारतातून आलेला. माता जीवा कुचाच्या राजाची बहीण. इ. स. ३४४ च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाने काश्मीरात विद्या केली. ३८४ मध्ये ल्यु-कुआंग या चिनी सेनापतीने कुचा जिंकून त्यास नेले. सुमारे सतरा वर्षे तो चीनच्या सीमेवर अडकून पडला, आणि त्या काळात चिनी भाषा त्याच्या अंगवळणी पडली. पुढे छांग-आन या राजधानीत त्याने सद्धर्मपुण्डरीकादी ग्रंथांची जी भाषांतरे केली ती आजही पूर्व आशियात पठनात आहेत. मातृभाषा एक, विद्येची भाषा दुसरी आणि कीर्तीची भाषा तिसरी, असे त्याचे जीवन झाले.

त्याच्या मायभूमीच्या भाषेत जे लिहिले गेले त्यात बौद्ध ग्रंथांची भाषांतरे, जातके व नाटके मुख्य आहेत. त्याखेरीज संस्कृत ‘योगशतक’ या वैद्यकग्रंथाची द्विभाषिक पाने आहेत, विहारांचे जमाखर्च आहेत, आणि एक प्रेमकविताही आहे. ब्राह्मी लिपीत त्यांच्या एका स्वरासाठी अक्षर नव्हते. म्हणून त्यांनी काही नवी अक्षरे घडविली. जर्मन पंडितांनी त्या अक्षरांना ‘परकी अक्षरे’ असे नाव दिले. जो ध्वनी त्या लोकांचा अगदी स्वतःचा, त्याच्याच चिन्हाला पुढे परके म्हणविले जावे, हे आम्हांस वाचताना चटका लावून गेले.

कुचाजवळच्या किझिल येथे नदीकाठच्या कड्यात दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तेथील भिंतींवर तलवारी लटकाविलेले, अंगरखे घातलेले, तांबूस केसांचे दाते चितारलेले आहेत. त्यांवरून हे लोक पश्चिमेकडून आले असावेत, असा तर्क निघाला; आणि वाळूत सापडलेल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या सुकलेल्या प्रेतांनी त्यास जोर दिला. परंतु इतिहासात चेहऱ्यावरून भाषा ठरविणे धोक्याचे असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानुसार तारीम खोऱ्यातील त्या सर्वांत जुन्या प्रेतांचे वंशमूळ तेथलेच, अतिप्राचीन आशियाई दिसते. पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश त्यांत आढळला नाही. तो अंश सापडला उत्तरेच्या झुंगार भागातील त्याहून प्राचीन अवशेषांत. म्हणून आल्ताई पर्वताच्या परिसरातील अफानासिएवो संस्कृतीच्या लोकांकडून ही भाषा दक्षिणेस उतरली, हा तर्क पुष्कळांना मान्य असला, तरी तिच्या प्रवासाच्या मधल्या दोन-तीन हजार वर्षांचा लेखी पुरावा नाही. ती आपल्यासमोर येते तीच एकदम पाचव्या शतकाच्या आसपास, पोथी हाती घेऊन.

आणि मग ती गेली. ६४८ मध्ये थांग सम्राटाच्या सैन्याने कुचा जिंकले. पुढे तेथे चिनी सुभ्याचे ठाणे झाले. मध्यंतरी, ६७० ते ६९२ पर्यंत, तिबेटी लोकांनी हा मुलूख व्यापला. एवढे होऊनही भाषा टिकली, कारण राजे बदलले तरी चुली बदलल्या नव्हत्या. ८४० मध्ये किरगिझांनी उइगुर तुर्कांचे राज्य मोडले, आणि तेथून निघालेले उइगुर या खोऱ्यात येऊन स्थिर झाले. त्यांनी येथील पोथ्या जाळल्या नाहीत; उलट येथल्या धर्माचा स्वीकार केला व ग्रंथ आपल्या भाषेत करून घेतले. पिढ्यामागून पिढ्या लोक तुर्की बोलू लागले, आणि पुढील शतकादीडशतकात कुचाची भाषा लिहिणारा कोणी उरला नाही. लोक नाहीसे झाले नाहीत. त्यांचे वंशज त्याच शेतांना तेच पाणी देत राहिले. केवळ आईला हाक मारण्याचा शब्द बदलला.

या गोष्टीचा आम्हांस विचार करावासा वाटतो. भाषा मरते ती लिपी नाही म्हणून, ग्रंथ नाहीत म्हणून, राजाश्रय नाही म्हणून, असे आपण नेहमी म्हणतो. कुचाच्या भाषेस लिपी होती, ग्रंथ होते, राजा होता, विहार होते; आणि तिचा कोणी द्वेष केल्याचा दाखलाही नाही. प्रज्ञारक्षिताने तुर्कीत भाषांतर केले तेव्हा त्याने मूळ भाषेचा आदराने उल्लेख केला. त्या उल्लेखातूनच पुढे जगाला तिचे नाव मिळाले, तेही बहुधा चुकीचे. ग्रंथ सुरक्षित पलीकडे पोहोचला आणि भाषा अलीकडे राहिली. तिचे मरण कोणाच्याही एका दिवसाच्या नोंदीत नाही, कारण ते कोणास दिसलेच नाही. एका घरात मुलाने तुर्कीत उत्तर दिले असेल, आणि बापाने ते सोयीचे म्हणून चालवून घेतले असेल.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींच्या घरी हा प्रसंग अपरिचित नाही. ज्या प्रांताचे अन्न खावे त्याची भाषा शिकणे हे कर्तव्यच होय, आणि कुमारजीवासारख्याने ते पार पाडले म्हणून जगाचे कल्याण झाले. परंतु शिकणे आणि सोडणे या दोन क्रिया आहेत. पहिलीतून दुसरी निघालीच पाहिजे असे नाही. मराठीची स्थिती कुचाच्या भाषेसारखी नाही, कोट्यवधी लोक ती बोलतात, हेही आम्ही जाणतो. तरी महाराष्ट्राबाहेरच्या एकेका घरापुरता हा प्रश्न तेवढाच खरा आहे, आणि त्याचा निकाल त्या घराच्या उंबरठ्याआतच लागतो.

शेवटी एक समाधानाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील ग्योटिंगेन येथे सत्तरी ओलांडलेल्या झीग यांनी एका चिनी विद्यार्थ्यास आग्रहाने तोखारी शिकविली. त्याच युद्धात बर्लिनवरील बॉम्बवर्षावाने तुर्फान भागातून नेलेली मोठमोठी भित्तिचित्रे नष्ट झाली. तो विद्यार्थी, जी शियेनलिन, मायदेशी परतला. त्याने पुढे वाल्मीकिरामायण चिनी भाषेत आणले, आणि २००८ मध्ये भारत सरकारने त्यास पद्मभूषण देऊन गौरविले. १९७४ मध्ये काराशहरजवळ तोखारी ‘अ’ मधील मैत्रेयनाटकाची चव्वेचाळीस पाने सापडली, तेव्हा चीनमध्ये ती वाचू शकणारा हाच एक वृद्ध पंडित होता; त्याची वाचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. झीग यांनी शिकविले नसते तर ती पाने आणखी किती काळ मुकी राहिली असती कोण जाणे.

कुचाच्या नाक्यावरील त्या अधिकाऱ्याने मात्र असा कोणताही विचार केला नसावा. संध्याकाळ होत आली असेल, तांडा खोळंबला असेल, गाढवे मोजून झाली असतील. त्याने राजाचे वर्ष, महिना आणि दिवस बिनचूक घातला, आपल्या भाषेत चार ओळी लिहिल्या, आणि पाटी पुढे केली.